डाग दिसत नाही, तरी ताऱ्याची गिरकी मोजायची कशी

दिवाळीचा आकाशकंदील उतरवला असेल तर माळ्यावर टाकायच्या आधी एक रात्र मला द्या. आत बल्ब लावा, एका बाजूला तळहाताएवढा काळा कागद चिकटवा, दोरीला पीळ द्या आणि सोडून द्या. आता गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मोबाईलमध्ये उजेड मोजायचं कुठलंही फुकट ॲप चालू करून मोबाईल कंदिलाकडे धरा. काळा कागद समोर आला की आकडा पडतो, मागे गेला की चढतो, आणि एका पडण्यापासून पुढच्या पडण्यापर्यंतचा वेळ म्हणजे कंदिलाचा एक फेरा. कागद डोळ्याला दिसला पाहिजे असं काही नाही, कंदील इतका लांब नेला की तो नुसता ठिपका दिसतोय तरी आकडा खालीवर होतच राहणार. तारे कसे फिरतात हे मोजायची पद्धत एवढीच आहे, बाकी सगळं काम आकडा खरा कुठला न् फसवा कुठला हे ओळखण्याचं आहे, आणि मला आज जास्त त्याच्यावरच लिहायचंय.

ताऱ्यावरचा काळा कागद म्हणजे डाग. चुंबकीय क्षेत्र जिथे जोरदार असतं तिथे आतली उष्णता वर यायला अडते, तेवढा भाग थंड पडतो आणि थंड म्हणून काळपट दिसतो. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५८०० केल्व्हिन, त्याच्यावरच्या मोठ्या डागाचा मधला भाग ४००० च्या आसपास. सूर्य विषुववृत्तावर २५ दिवसांत फिरतो आणि ध्रुवांकडे ३४-३५ दिवस लावतो कारण तो घट्ट गोळा नाही, वायू आहे. पण पृथ्वीवरून डाग परत समोर यायला २७ दिवस लागतात कारण तेवढ्यात आपणही पुढे सरकलेलो असतो. हे स्वतः बघायचं तर दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडा (दुर्बिणीला डोळा कधीच लावायचा नाही, एक सेकंद पण नाही, पोरं आजूबाजूला असतील तर दुर्बीण सोडून उठायचं पण नाही) आणि रोज एकाच वेळी डागांवर पेन्सिलीनं खूण करा, डाग रोज १३ अंशांच्या आसपास सरकलेला दिसेल. पाच-सहा दिवसांच्या खुणांवरून पूर्ण फेरा काढता येतो.

ताऱ्याचं तसं नाही, जवळजवळ प्रत्येक तारा मोठ्या दुर्बिणीतूनही आपल्याला ठिपकाच दिसतो, म्हणून नुसता उजेड मोजायचा.

आता दोन रस्ते आहेत. एक, स्वतः कॅमेऱ्यानं मोजायचं. दोन, अंतराळ दुर्बिणींनी मोजून ठेवलेला डेटा फुकट उतरवून घरी बसून काम करायचं. मी दोन्ही करतो, पण नवीन माणसानं आधी स्वतःच्या कॅमेऱ्यानं एक तारा मोजावा असं माझं ठाम मत आहे, कारण एकदा आकडे स्वतः गोळा केले की डेटात घाण कुठून येते ते अंगात मुरतं, मग दुसऱ्याच्या डेटातली घाण पण दिसायला लागते.

तारा निवडताना सूर्यासारखा निवडू नका. सूर्याच्या डागांनी त्याचा उजेड जेमतेम हजारात एक भाग बदलतो, साध्या डीएसएलआरला शंभरात एक-दोन भाग कळला तरी लय झालं. म्हणून मोठमोठे डाग असलेले तारे घ्यायचे. माझी शिफारस टू पेगासी, नकाशात शोधताना रोमन आकड्यातला दोन आणि पुढे पेग असं टाका. भाद्रपदाचा मोठा चौकोन माहितीच असेल, त्यातला उत्तरा भाद्रपदाचा वरचा तारा घ्या आणि चौकोनाच्या उत्तरेकडच्या बाजूनं पश्चिमेला ३ अंश या, हात लांब करून दोन बोटं धरली की झालं. डोळ्यांना नाही दिसणार, प्रत (ताऱ्याच्या उजेडाचं माप, आकडा जेवढा मोठा तेवढा तारा मंद) ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असते, पण कॅमेऱ्याला आरामात दिसतो. तो ६.७२ दिवसांत एक फेरा मारतो आणि डाग इतके मोठे की काही वर्षी अर्ध्या प्रतीपर्यंत उजेड बदलतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रात्री साडेनऊच्या सुमारास तो आपल्या खान्देशातून जवळजवळ डोक्यावर असतो, यापेक्षा चांगली जागा नाही.

ज्यांच्याकडे लेन्स साधीच आहे त्यांनी देवयानीतला लॅम्डा घ्या, तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो, प्रत ३.६५ ते ४.०५. पण त्याचा फेरा ५४ दिवसांच्या आसपास आहे म्हणजे दिवाळीपासून संक्रांत उलटून जाईपर्यंत चिकाटी पाहिजे. तुलनेला शेजारीच कॅपा आणि आयोटा आहेत, तिघं एका फ्रेममध्ये येतात.

माझी जागा अमळनेर तालुक्यातलं आमचं शेत. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीची लाईट असते तेव्हा तसंही जागायचं असतंच, मोटार चालू करून बांधावर ट्रायपॉड लावतो. शेजारचे नाना पहिल्या वर्षी येऊन बघायचे आणि विचारायचे, "काय करी राहिना रे भो, रातभर एकच फोटो काढस?" त्यांना मी कंदिलाचा प्रयोग करून दाखवला तेव्हापासून ते स्वतः विचारतात की आज तारा कमी आहे का जास्त. जागेबद्दल एक सांगतो, भिजवलेल्या शेताच्या मधोमध बसू नका, मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव बसतं आणि तारा हळूहळू अंधुक होत जातो, तुम्हाला वाटतं डाग आला. कोरड्या उंच माळावर बसा, आणि लेन्सला मोज्यात भरलेली गरम वाळू गाठ मारून बांधा. तोरणमाळला जाता आलं तर सोनं, पण एका रात्रीच्या सहलीनं हे काम होत नाही, रोज जिथे जाता येईल तीच जागा खरी.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. ५० किंवा ८५ मिलिमीटरची लेन्स, आयएसओ ४०० ते ८००, लेन्स एक-दोन स्टॉप बारीक केलेली, ५ सेकंदाचे २०-३० फोटो. फोटो रॉ मध्येच, जेपेग अजिबात नाही, कारण जेपेग बनवताना कॅमेरा उजेडाचे आकडे आपल्या मनानं वाकवतो आणि मग मोजण्यासारखं काही उरत नाही. फोकस मुद्दाम थोडा सोडा. हे ऐकून फोटोवाले नाराज होतात, पण टोकदार तारा दोन-तीन पिक्सेलवर पडतो आणि ते पिक्सेल भरून वाहतात, थोडा पसरलेला तारा पुष्कळ पिक्सेलवर वाटला जातो आणि आकडा स्थिर येतो. पहाटे उजाडताना लेन्सवर स्वच्छ पांढरा गमछा ताणून आकाशाचे १५-२० फोटो घ्या, त्यानं लेन्सच्या कडेचा अंधार आणि धुळीचे ठिपके काढून टाकता येतात. टोपण लावून तेवढ्याच वेळाचे काही फोटो पण घ्या.

मग सिरिल किंवा ॲस्ट्रोइमेजजे या संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये फोटो उघडून हिरव्या रंगाचा भाग वेगळा काढा, तो खगोलवाल्यांच्या व्ही फिल्टरच्या (हिरवट-पिवळा उजेड मोजणाऱ्या काचेच्या) सगळ्यात जवळ जातो. ताऱ्याभोवती एक वर्तुळ, त्याच्या बाहेर आकाशाचं एक कडं, वर्तुळातल्या उजेडातून आकाशाचा उजेड वजा. हेच शेजारच्या दोन न बदलणाऱ्या ताऱ्यांचं करायचं. एक तुलनेला आणि दुसरा तुलनेच्या ताऱ्यावर नजर ठेवायला. कुठले घ्यायचे ते एएव्हीएसओच्या साईटवर ताऱ्याचं नाव टाकलं की नकाशासकट मिळतं, ही रूपविकारी, म्हणजे उजेड बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षकांची संस्था १९११ पासून चालू आहे आणि आपले आकडे पण तिथे जमा करता येतात.

समजा तुमच्या ताऱ्याची बेरीज ४१,००० आली आणि तुलनेच्या ताऱ्याची ५०,०००. भागाकार ०.८२, त्याचा दहाच्या पायाचा लॉग घेऊन उणे २.५ नं गुणा, ०.२२ आलं. म्हणजे तुमचा तारा तुलनेच्या ताऱ्यापेक्षा ०.२२ प्रतीनं मंद. शंभरात एक भाग म्हणजे ०.०११ प्रत, हे डोक्यात ठेवा. तुलनेच्या दोन ताऱ्यांमधला फरक रोज ०.०२ च्या आत राहत असेल तर तुमचं काम चोख आहे, राहत नसेल तर त्या रात्रीचा आकडा वहीत ठेवा पण आलेखात घेऊ नका. मी पहिल्या हंगामात हे बघितलंच नाही. पऱ्हाट्या जाळायच्या दिवसांत आकाशात धुराचा थर होता, त्या चार रात्रींचे आकडे तसेच घेतले आणि महिनाभराची मेहनत वाया गेली.

वेळ लिहिताना ज्युलियन दिनांक वापरा, म्हणजे महिना-वर्ष न धरता दिवसांची एकच सलग मोजणी. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून काढायचा, आणि त्याचा आकडा बरोबर आपल्या संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे आपली पूर्ण रात्र एकाच आकड्यात बसते, बारा वाजता तारीख बदलल्याचा घोळ होत नाही.

आता पंधरा-वीस रात्री झाल्या, आलेखावर ठिपके आले. फेरा काढायचा कसा?

ठिपक्यांमध्ये खिंडारं असतात, दोन रात्री ढग, एक रात्र लग्नाची हळद, म्हणून सरळ पद्धती चालत नाहीत. यासाठी लॉम्ब नावाच्या शास्त्रज्ञानं १९७६ मध्ये आणि स्कार्गलनं १९८२ मध्ये मांडलेली रीत वापरतात. संगणक एकेक फेरा धरून बघतो, एक दिवस धरला, १.०१ धरला, १.०२ धरला, आणि प्रत्येक वेळी साइनची लाट ठिपक्यांवर बसवतो. जी लाट सगळ्यात चांगली बसली तिथे आलेखात शिखर येतं. साइन-कोसाइन म्हणजे आपली ज्या-कोटिज्या. चाळीसगावजवळ पाटणला चांगदेवानं आजोबा भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. मी पाटणादेवीला जातो तेव्हा हे मनात येतंच, की ज्याचं गणित शिकवायला इथे मठ होता तेच गणित वापरून आपण तारे मोजतोय.

संगणक शिखर दाखवतो आणि माणूस खुश होतो. इथेच थांबा. शिखर म्हणजे संशय, पुरावा नाही.

पहिला सापळा अर्ध्या फेऱ्याचा. कंदिलाला समोरासमोर दोन कागद चिकटवून बघा, एका फेऱ्यात उजेड दोनदा पडेल आणि संगणक अर्धाच फेरा सांगेल. माझ्या अंतराळ डेटातल्या पहिल्या ताऱ्याचं मी चार दिवस लिहून मोकळा झालो होतो, तो निघाला आठ दिवसांचा. ओळखायचं कसं, तर आलेल्या फेऱ्याची दुप्पट करा आणि ठिपके त्या दुपटीवर घडी घालून बघा. घडी घालणं म्हणजे पहिल्या ठिपक्यापासून गेलेल्या दिवसांना फेऱ्यानं भागायचं आणि पूर्णांक टाकून फक्त उरलेला अपूर्णांक आडव्या रेषेवर मांडायचा, एक्सेलमध्ये मॉड हे फंक्शन तेवढंच करतं. दुपटीवर दोन खड्डे दिसले आणि एक खोल, एक उथळ, आणि प्रत्येक फेऱ्यात तसंच आलटून पालटून येतंय, तर खरा फेरा दुप्पटवाला. दोन्ही डाग तंतोतंत सारखे असणं फार दुर्मिळ.

याच्यासाठी दुसरी एक रीत पण छान आहे, आलेख स्वतःवरच सरकवायचा. लुगड्याचे दोन सारखे काठ एकावर एक ठेवून वरचा सरकवत नेला की नक्षीवर नक्षी जिथे बसते तेवढं अंतर म्हणजे नक्षीची लांबी, तसंच. अर्ध्या फेऱ्यावर नक्षी थोडीफार बसते, पूर्ण फेऱ्यावर जास्त चांगली बसते, म्हणून दुसरं शिखर पहिल्यापेक्षा उंच आलं की समजायचं. मॅकक्विलन, मझे आणि एग्रेन यांनी २०१४ मध्ये नासाच्या केप्लर या अंतराळ दुर्बिणीच्या डेटावर हीच रीत चालवून ३४,०३० ताऱ्यांचे फेरे काढले. खिंडारं कमी असलेल्या अंतराळ डेटाला ही उत्तम, आपल्या कॅमेऱ्याच्या तुटक डेटाला लॉम्ब-स्कार्गलच बरी.

दुसरा सापळा फक्त आपल्यासारख्यांना, जे एकाच गावातून रोज एकाच वेळी मोजतात. समजा रोज रात्री नऊला फोटो काढताय. ६.७२ दिवसांत फिरणारा तारा आणि १.१७ दिवसांत फिरणारा तारा, रोज नऊला बघितलं तर दोघं हुबेहूब सारखेच दिसतात, कारण मधे दिवसभर काय झालं ते आपण बघितलंच नाही. ०.८७ दिवसांचा पण तसाच दिसतो. संगणक या सगळ्या ठिकाणी शिखरं दाखवतो आणि कधीकधी चुकीचं शिखर उंच असतं. उपाय सोपा आहे, काही रात्री दोनदा मोजा, एकदा रात्री आठला आणि एकदा रात्री एक वाजता. पाच तासांत १.१७ दिवसवाला तारा आपल्या फेऱ्याच्या जवळजवळ १८ टक्के पुढे जातो, उजेडात फरक दिसलाच पाहिजे. ६.७२ वाला फक्त ३ टक्के सरकतो, आकडा जवळपास तोच राहतो. दोन-तीन अशा रात्रींनी निकाल लागतो.

आता अंतराळ डेटाबद्दल. टेस ही नासाची दुर्बीण १८ एप्रिल २०१८ ला गेली, आकाशाचा एकेक पट्टा साधारण २७ दिवस सलग बघते. डेटा सगळ्यांना फुकट. गुगल कोलॅब उघडा, म्हणजे लॅपटॉप जुना असला तरी चालतं, त्यात लाईटकर्व्ह नावाची पायथनची लायब्ररी घ्या, ताऱ्याचं नाव टाकून शोधा, उतरवा, पीरियडोग्राम (वर सांगितलेला शिखरांचा आलेख) काढा, घडी घाला, सात-आठ ओळींत होतं. यूट्यूबवर शिकवणारे पुष्कळ आहेत पण बहुतेक जण ग्रह शोधायला शिकवतात आणि त्यात फ्लॅटन ही कमांड असते. ती वापरू नका. ग्रहवाल्यांना ताऱ्याची हळूहळू होणारी चढउतार नको असते म्हणून ती कमांड आलेख इस्त्री करून सपाट करते, आणि आपल्याला जे मोजायचंय तेच नेमकं पुसून जातं. डेटा दोन तऱ्हेचा मिळतो, एक कच्चा आणि एक दुरुस्त केलेला. दुरुस्तीत पण मोठे फेरे थोडे दबले जातात, म्हणून दोन्ही काढून शेजारी शेजारी ठेवा.

टेसची स्वतःची पण खोड आहे. ती पृथ्वीभोवती १३.७ दिवसांत एक फेरी मारते, तेवढ्या वेळानं डेटात खंड पडतो आणि पृथ्वी-चंद्राचा भरकटलेला उजेड आत शिरतो. तुमच्या ताऱ्याचा फेरा १३-१४ दिवस आला तर आधी दुर्बिणीवर संशय घ्या, मग ताऱ्याचं नाव घ्या. एकाच पट्ट्याच्या डेटावर मी १३ दिवसांच्या वरचं काहीच खरं मानत नाही, निदान दोन पूर्ण फेरे डोळ्यांनी दिसले पाहिजेत. आणि तिचा एक पिक्सेल आकाशात २१ विकलांचा (एका अंशात ३६०० विकला), एवढ्या जागेत शेजारचे दोन-तीन तारे सहज मावतात, तेव्हा बदलतोय तो तुमचाच तारा कशावरून? आसपासच्या पिक्सेलचे आलेख वेगळे काढून बघा, चढउतार कुठे जास्त आहे ते कळतं. हळू फिरणाऱ्या ताऱ्यांसाठी केप्लरचा डेटा घ्या, २००९ ते २०१३ अशी चार वर्षं तिनं हंस आणि स्वरमंडल या बाजूचा एकच तुकडा बघितला. फक्त दर ९० दिवसांनी दुर्बीण वळवायचे, तिथे आलेखात पायरी येते ती जुळवून घ्यावी लागते.

उजेड बदलला म्हणजे डागच असंही नाही. काही तारे फुगतात-आकसतात, काही जोडीतले एकमेकांना झाकतात. झाकणाऱ्यांचा खड्डा सहसा टोकदार किंवा कडा तुटलेला असतो आणि दर वेळी तोच आकार येतो. फुगणाऱ्यांचं घड्याळ फार पक्कं, आणि त्यांच्यात कित्येकदा तासांचे दोन-तीन फेरे एकात एक मिसळलेले असतात. डागांचा आलेख जिवंत असतो, आकार हळूहळू बदलतो, कारण डाग वाढतात, विरतात, वेगळ्या अक्षांशावर नवे येतात. म्हणून डेटाचे दोन भाग करून वेगवेगळा फेरा काढा, दोन्हीत जो फरक येईल तेवढी तुमची चूक धरा. ६.७ अधिकउणे ०.१ असं लिहिलेलं ६.७२३४१ पेक्षा प्रामाणिक असतं.

फेरा मिळाल्यावर पुढे काय, हे नाना पण विचारतात. तारे म्हातारे होताना हळू फिरतात, त्यांचा चुंबकीय वारा गिरकीचा जोर काढून घेतो. १९७२ मध्ये स्कुमानिच या खगोलशास्त्रज्ञानं कृत्तिका आणि रोहिणी या तारकागुच्छांतले तारे आणि सूर्य यांची तुलना करून दाखवलं की गिरकीचा वेग वयाच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात उतरतो. सूर्य ४६० कोटी वर्षांचा आणि फेरा २५ दिवसांचा, तर सूर्यासारखाच एखादा तारा साडेबारा दिवसांत फिरत असेल तर त्याचं वय साधारण चौथा भाग, ११५ कोटी. हा हिशोब एकट्या ताऱ्यालाच लावायचा, आणि सूर्यापेक्षा म्हाताऱ्यांना लावताना जपून, तिथे ब्रेक ढिला पडतो असं दिसलंय. टू पेगासी आणि लॅम्डाला तर अजिबात लावू नका, दोघांनाही जोडीदार आहे. टू पेगासीला जोडीदारानं ओढून आपल्या कक्षेच्या तालावर फिरायला लावलंय, म्हणून तो एवढा जोरात फिरतो आणि एवढा डागाळलेला आहे.

एका हंगामानंतर काम सोडू नका. गेल्या सालच्या घडीवर यंदाचे ठिपके टाकले की खड्डा डावी-उजवीकडे सरकलेला दिसतो, कधी एकाचे दोन झालेले असतात, म्हणजे जुना डाग गेला आणि नवा दुसरीकडे आला. त्यासाठी दोन्ही वर्षी घडी एकाच सुरुवातीच्या ज्युलियन दिनांकापासून घालावी लागते, तो दिनांक फाईलच्या नावातच लिहून ठेवा. आणि लेन्स, आयएसओ, तुलनेचे तारे पुढच्या वर्षी तेच ठेवा.